गणित नको वाटतं? तपासणीच्या टेबलावर तुमच्यासाठी जागा आहे

धुळे-जळगावकडची मुलं-मुली आमच्याकडे नोकरीसाठी नाव नोंदवायला येतात, आणि बायोडाटा पुढे करायच्या आधीच सांगतात, "दादा, माले गणित जमत नही." सांगताना मान खाली गेलेली असते. तशी ती जायचं काहीच कारण नाही. कोणत्या कामाला आकडे लागतात आणि कोणत्या नाही, एवढं नोकरी धरण्याआधी माहीत असलं म्हणजे झालं.

कारखान्यात तपासणी दोन तऱ्हेची असते. एकीत व्हर्निअर, मायक्रोमीटर लावून माप वाचायचं आणि तक्ता भरायचा. हे काम आकड्यांचंच. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवरही आकडे सुटत नाहीत. अशा जागा आम्ही तुम्हाला सुचवणार नाही.

दुसऱ्या तपासणीत प्रश्न एकच: पिस चालेल की नाही? त्यासाठी 'गो-नोगो' गेज असतो. भोक तपासायचा गेज म्हणजे हातात मावणारा पोलादी दांडा. त्याचं एक टोक भोकात अलगद गेलं पाहिजे. दुसरं, बहुतेक लाल खूण केलेलं टोक, जाताच कामा नये. पहिलं अडलं तर भोक लहान, दुसरं गेलं तर मोठं. माप गेजमध्येच बसवलेलं असतं, तुम्ही वाचायचं काही नाही. जोर मात्र लावायचा नाही. दाबून घातलेला गेज खोटं बोलतो.

पाइप, ठिबकची फिटिंग, प्लास्टिकच्या चटया अशा मालात डोळा आणि बोट चालतं. फिटिंग हातात घेऊन उजेडात फिरवायची. काठ अर्धवट भरलाय का, जळका डाग आहे का, जोडावर प्लास्टिकची पापडी बोटाला लागते का? शेजारी नमुना ठेवलेला असतो: इथपर्यंतचा डाग चालेल, यापुढचा नाही. भरीताचं वांगं घेताना तुम्ही ते दाबून, देठ बघून, हातावर तोलून घेता ना? तीच नजर इथे कामाला येते.

आकडे अगदीच नसतात असं आम्ही म्हणणार नाही. बाद पिसांच्या चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, एवढी नोंद बहुतेक ठिकाणी लागते. एका मुलीला आम्ही पॅकिंगला पाठवलं आणि तिथे रोज बेरजा करून स्टॉक जुळवायचं काम निघालं. आठ दिवसांत ती सोडून आली. चूक आमची होती, आधी विचारायला हवं होतं. आता शिफ्टअखेर नेमकं काय लिहावं लागतं, ते विचारल्याशिवाय आम्ही कुणाला पाठवत नाही.

रंगांवरून माल निवडायचा असेल, तर रंगदृष्टी आधी तपासून घ्या. हा दोष पुरुषांत जास्त आढळतो, आणि पुष्कळांना तो स्वतःला माहीतच नसतो. या चाचणीत ठिपक्यांमध्ये अंक लपवलेले असतात. ते फक्त ओळखायचे, त्यांचं करायचं काही नाही.

खरी कसोटी वेगळीच आहे. तासन् तास तोच पिस बघताना डोळा थकतो आणि खराब माल नजरेसमोरून निघून जातो. म्हणून मधे विसावा मिळतो का, काम आलटून पालटून देतात का, हे मुलाखतीत बेधडक विचारा. आणि गाडी भरायची घाई असताना सुपरवायझर "जाऊ दे" म्हणाला, तरी बाद पिस बाजूला ठेवायची हिंमत हवी. ज्याच्या शेतात ती नळी फुटेल, तो शेतकरी आपल्याच गावाकडचा असतो.

येताना चष्मा असेल तर घेऊन या. आमच्या टेबलावर फिटिंगचा ढीग ठेवलेला आहे, चांगला-वाईट माल एकत्र. अर्धा तास बसून निवडून बघा, मग नोंदणीचं बोलू.