गुळव्याची गोळी आणि मेंदूतलं डोपामाइन

शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला असलेला माझा भाचा मागच्या महिन्यात म्हणाला, "मामा, माझं डोपामाइन संपलंय बघा. कामात मनच लागंना." मोबाईलवर कुणीतरी त्याला पटवलं होतं की डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन, आणि आठवडाभर मोबाईल, गोडधोड, गाणी बंद ठेवली की ते पुन्हा भरतं.

डोपामाइन टाकीतल्या पाण्यासारखं संपत नाही, आणि ते आनंदाचं रसायनही नाही. मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ पूर्ण नष्ट करून पाहिलं. ते उंदीर आपणहून अन्नाकडे जाईनात. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. गोडी शाबूत होती, उठून तिच्याकडे जायची ओढ तेवढी गेली होती.

मग हे रसायन करतं काय? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतल्या एकेका डोपामाइन पेशीला बारीक तार लावून तिचं बोलणं ऐकलं. या पेशी एरवी सेकंदाला चार-पाच विद्युत स्पंदनं देत शांत असतात. माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की त्या धडाधड स्पंदू लागतात. आता रसाआधी दरवेळी दिवा लावायचा. काही दिवसांत पेशी दिव्यालाच स्पंदू लागतात आणि रस येतो तेव्हा नेहमीसारख्याच शांत राहतात. रस तोच, गोडी तीच, पण त्यात नवं काही उरलेलं नसतं. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही खाली जातात. म्हणजे त्या रस मोजत नाहीत. त्या 'मिळालेलं वजा अपेक्षित' ही वजाबाकी करतात. उत्तर अधिक आलं की अंदाज वर सरकवायचा, उणे आलं की खाली, आणि हा बदल रसापासून मागे मागे सरकत त्याची पहिली चाहूल देणाऱ्या खुणेवर जाऊन बसतो. शुल्ट्झ यांनी पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांच्यासोबत १९९७ साली हे गणित मांडलं. मला तरी मेंदूविज्ञानात याहून देखणं काही आढळलेलं नाही.

ही वजाबाकी हाताने होताना पाहायची असेल तर दिवाळीनंतर पन्हाळ्याच्या बाजूला एखाद्या गुऱ्हाळावर जावं. चुलवाणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीत रस उकळत असतो. पाणी उडत जाईल तसा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या वर चढत ११८च्या आसपास जातो. दोन-तीन अंश इकडे-तिकडे झाले की गूळ एक तर मऊ राहतो, नाहीतर करपतो. मी गेलो होतो तिथे तापमापक नव्हता. गुळव्याने, म्हणजे गूळ तयार करणाऱ्या कारागिराने, पाकाचे बुडबुडे निरखले, थेंबभर पाक गार पाण्यात सोडला, दोन बोटांत त्याची गोळी वळली आणि म्हणाला, "अजून दोन उकळ्या खातोय." थोड्या वेळाने पुन्हा गोळी. या खेपेला त्याने नुसती मान हलवली आणि काहील उतरवली. प्रत्येक काहिलीला आधी अंदाज, मग लगेच निकाल, आणि चूक कळते ती स्वतःच्याच बोटांना. तीस वर्षं झाली तरी हा माणूस पाकाकडे टक लावून बघतो.

माकडाच्या एका पेशीवरून माणसाच्या समाधानापर्यंत सरळ उडी मारता येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण मानसशास्त्र वेगळ्या वाटेने जवळच येऊन पोचलं आहे. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ साली मांडलं की कामात मन लागायला ते काम अख्खं दिसावं लागतं, निर्णय थोडा तरी आपल्या हातात लागतो आणि निकाल कामातूनच कळावा लागतो. २००७ साली ॲडम ग्रँट यांनी एक छोटा प्रयोग केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्याच पैशातून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी पाच मिनिटं गाठ घालून दिली. महिन्याभराने ते फोनवर दुपटीहून अधिक वेळ देत होते. पगार तोच होता.

कुणाचं मन कुठल्या कामात लागेल, हे जन्मतःच पक्कं ठरलेलं नसतं. बोटांचे ठसे पाहून पोराचं करिअर सांगणाऱ्यांना हजारो रुपये मोजणाऱ्या आईबापांना मी हात जोडून सांगतो, त्या ठशांत इंजिनिअर नसतो आणि डॉक्टरही नसतो.

भाचा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, बोअर मारतो, म्हणजे त्यातलं भोक मापात कापतो. तो पार्ट कुठल्या गाडीत बसतो, हे त्याला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला सुपरवायझरला विचारायला लावलं. ट्रॅक्टरचा निघाला. दुसरं एक सुचवलं : गेज, म्हणजे मापयंत्र, लावायच्या आधी माप मनात धर. इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, झिजत जाईल तसं माप सरकतं, ते किती मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे किती हजारावे भाग, सरकलं असेल ते आधी स्वतःशी बोल आणि मगच बघ.

परवा रविवारी जेवायला आला होता. तांबडा रस्सा ताटात गार होत होता आणि हा आपल्या आईला सांगत होता, "शंभरावा पार्ट होता. मी म्हटलं आठ मायक्रॉन. गेजवर नऊ आलं."