बंद अश्रुनलिकेची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेतून: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या कोपऱ्यातल्या छिद्रातून सलाइनचं पाणी सोडून पाहतात. ते घशात उतरलं नाही, उलट बाहेर आलं, की डॉक्टर सांगतात, ‘नळी बंद आहे, आधी तिचं बघा.’ अश्रूंच्या पिशवीत पू असताना मोतीबिंदू काढला तर जंतू डोळ्याच्या आत जाऊ शकतात, म्हणून ही अडवणूक. मोठ्या माणसांत अशी बंद नळी थेंबांनी किंवा मालिशने सहसा उघडत नाही; डीसीआर, म्हणजे अश्रूंची पिशवी थेट नाकात उघडण्याची शस्त्रक्रिया, करावी लागते. नाकातून दुर्बीण घालून पिशवी आणि नाक यांमधलं हाड थोडं काढतात आणि अश्रूंना नवी वाट करून देतात. चेहऱ्यावर टाका नाही, व्रण नाही. पिशवी लाल, सुजलेली आणि ठणकत असेल तर मात्र आधी औषधांनी संसर्ग आटोक्यात आणतात.

महाराष्ट्रात यासाठी पहिलं दार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न न पाहता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड निघतं, त्याला आधारवरचं वय पुरतं.

रुग्णालय योजनेत आहे एवढं ऐकून निघू नका. ही शस्त्रक्रिया कुठे कान-नाक-घसा विभागात होते, कुठे नेत्रविभागात. रुग्णालय नेमक्या त्या विभागासाठी अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेलं, आहे का आणि दुर्बिणीची डीसीआर त्यांच्या पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) किंवा योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर आधी विचारा.

सोबत रेशनकार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि असल्यास आयुष्मान कार्ड घ्या. अर्ज अडतो तो बहुतेक नावापाशी. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, आधारवर सासरचं आडनाव, असली गाठ आधी तहसीलच्या पुरवठा शाखेत सोडवा. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांकही टिपून ठेवा. पाणी सोडून केलेल्या तपासणीचा कागद, सीटी स्कॅन झाला असेल तर तो आणि रक्तदाब-साखरेच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते न विचारता सांगा. नाकातलं ऑपरेशन आहे, रक्तस्राव होतो. ती गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

वेगळा फॉर्म विकत घ्यायचा नाही, एजंट तर नकोच. आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टर तपासतात, रुग्णालय पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आल्यावरच ऑपरेशन. आधी खिशातून पैसे भरून मग योजनेतून परत मिळवू, हा हिशेब इथे चालत नाही.

बऱ्याचदा नव्या वाटेत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात. ती काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी काढतात, तर पॅकेजमधला पाठपुरावा घरी सोडल्यापासून १० दिवसांपर्यंतचा असतो. म्हणून नळी काढण्याचे पैसे लागतील का, हे डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी विचारा, आणि ती काढण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्या.