विस्पा चॉकलेटचे पुनरागमन

विस्पा हा कॅडबरी कंपनीचा ब्रिटनमधील चॉकलेट बार आहे. १९८१ मध्ये तो चाचणीसाठी बाजारात आला आणि १९८३ पासून देशभर विकला जाऊ लागला. २००३ मध्ये कंपनीने तो बंद केला, ऑक्टोबर २००७ मध्ये ठरावीक संख्येने परत आणला आणि २००८ पासून तो दुकानांत कायमचा राहिला. एखाद्या बंद पडलेल्या खाऊला तरुण ग्राहकांनी मागणी करून परत आणले आणि त्या मागणीला संगीत महोत्सवाच्या मंचावर तोंड फुटले, यासाठी विस्पाचे उदाहरण जाहिरातीच्या जगात आजही दिले जाते. इंटरनेटवरच्या गटांना कंपनी ऐकते हे त्यातून दिसले, असे सहसा म्हटले जाते. ते बरोबरच आहे. पण त्या गोष्टीतला संगीताचा भाग वरवरचा समजला जातो, तसा तो नाही.

बार आणि त्याची जाळी

ब्रिटनमध्ये हवा भरलेल्या चॉकलेटचा बाजार १९३५ पासून राउनट्री कंपनीच्या एअरोच्या हातात होता. एअरो मोडला की आतली छिद्रे आंबोळीच्या जाळीसारखी डोळ्यांना स्पष्ट दिसतात. कॅडबरीला तसाच हलका पण तोंडात घट्ट लागणारा बार हवा होता. विस्पातले बुडबुडे इतके बारीक असतात की नुसते पाहून तो भरीव वाटतो. चावल्यावर मात्र तो जिभेवर पटकन विरघळतो. हा फरक बराचसा वायूच्या निवडीमुळे पडतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दाबाखाली वायू मिसळतात आणि दाब काढला की तो फुगून बुडबुडे तयार होतात. कार्बन डायऑक्साइड चॉकलेटमध्ये जास्त विरघळतो, म्हणून त्याचे बुडबुडे मोठे होतात. नायट्रोजन कमी विरघळतो, त्याची जाळी सूक्ष्म राहते.

१९८१ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य भागात विस्पाची चाचणी झाली. मागणी अपेक्षेपेक्षा इतकी वाढली की कंपनीला माल पुरवता येईना आणि बार मागे घ्यावा लागला. तोवर राउनट्री सावध झाली होती आणि तिने जाडसर एअरो बाजारात उतरवला. कॅडबरीने उत्पादनाची मोठी व्यवस्था उभी करून १९८३ मध्ये विस्पा देशभर नेला. त्या दशकातल्या त्याच्या जाहिरातींत टीव्हीवरच्या विनोदी मालिकांमधल्या ओळखीच्या जोड्या दिसत. विस्पा न मिळणे लोकांना माहीत झाले ते या पहिल्या चाचणीपासूनच. बाजारातून नाहीसा होऊन परत येण्याचा अनुभव या बारच्या इतिहासात आधीपासूनच आहे.

बंद पडणे

२००३ मध्ये कॅडबरीने आपले अनेक बार डेअरी मिल्क या एकाच छत्राखाली आणले. विस्पाचा खप घसरत होता. त्याच्या जागी डेअरी मिल्कच्या नावाने बुडबुड्यांचा नवा बार आला. हिशेबाच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता: एकाच नावावर जाहिरातीचा खर्च केला की तो सगळ्या बारना पुरतो. पण लहानपणी शाळेतून येताना विस्पा घेणाऱ्याला डेअरी मिल्कची नवी आवृत्ती नको होती.

इथे वयाचा हिशेब महत्त्वाचा आहे. २००७ मध्ये वीस वर्षांचा असलेला विद्यार्थी २००३ मध्ये सोळा वर्षांचा होता. म्हणजे विस्पा त्याच्या पूर्ण बालपणात होता आणि तो प्रौढ होण्याच्या अगदी थोडे आधी गेला. माणसाच्या आठवणी साधारण दहा ते तीस या वयातल्या सर्वांत दाट असतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आले आहे. त्या वयात ऐकलेली गाणी त्याच कारणाने आयुष्यभर सोबत राहतात. विस्पाचे चाहते नेमके त्या वयात होते, आणि सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुक सर्वांसाठी खुले झाले होते. विद्यार्थ्यांनी तिथे ‘विस्पा परत आणा’ म्हणणारे गट काढायला सुरुवात केली. २००७ च्या उन्हाळ्यापर्यंत अशा गटांची संख्या नव्वदच्या वर गेली होती आणि सदस्य सुमारे १४,००० होते.

चौदा हजार हा आकडा आज कोणालाही लहान वाटेल. तेव्हा ग्राहकांचा असा मोजता येणारा, नावानिशी दिसणारा समूह कंपन्यांच्या सवयीचा नव्हता. मात्र हा समूह पडद्यावरच होता. कोणी आवाज ऐकला नव्हता, कोणाचा चेहरा दिसला नव्हता.

ग्लास्टनबरी, जून २००७

सॉमरसेटमधल्या शेतजमिनीवर भरणारा ग्लास्टनबरी महोत्सव हा ब्रिटनमधला सर्वांत मोठा खुल्या मैदानावरचा संगीत सोहळा. २००७ चा महोत्सव २२ ते २४ जूनला झाला आणि पावसाने मैदानाचा पूर्ण चिखल झाला. दीड लाखाहून अधिक लोक तिथे तंबूत राहत होते. कार्यक्रमांत पंक या आक्रमक रॉक शैलीचा अमेरिकन गायक इग्गी पॉप आणि त्याचा बँड द स्टूजेस यांचा एक होता.

इग्गीच्या मैफलीत प्रेक्षकांनी मंचावर चढणे हा कार्यक्रमाचाच भाग झाला होता. तो स्वतः त्यांना बोलावतो, सुरक्षारक्षक हतबल होतात, आणि काही मिनिटे गायक गर्दीत दिसेनासा होतो. त्या वेळीही मंचावर गर्दी झाली आणि तिच्यातल्या विस्पाच्या चाहत्यांनी ‘विस्पा परत आणा’ असा फलक उलगडला. हजारो प्रेक्षकांसमोर, कॅमेऱ्यांच्या टप्प्यात, एका पंक मैफलीच्या मंचावर चॉकलेटची मागणी झळकली. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. फेसबुकवर महिनोन्‌महिने चाललेल्या चर्चेला जे जमले नव्हते ते या काही मिनिटांत घडले.

ही मागणी कंपनीनेच पेटवली असेल का, अशी शंका तेव्हाच घेतली गेली; कंपनीने ती फेटाळली. आपण त्या शंकेला नको तितके महत्त्व देतो, असे मला वाटते. प्रसिद्धी संस्थेने चार लोकांना मंचावर पाठवलेही असते, तरी पुढच्या ऑक्टोबरमध्ये दुकानांतून बार उचलणारे लाखो लोक तिला उभे करता आले नसते. मंचाने आधीपासून असलेली ओढ सर्वांसमोर आणली, एवढेच.

ऑगस्ट २००७ मध्ये कॅडबरीने विस्पाचे २ कोटी ३० लाख बार काढण्याची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये ते दुकानांत आले आणि हातोहात खपले. ब्रिटनची तेव्हाची लोकसंख्या सहा कोटींच्या आसपास होती, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अंदाज येतो. संख्या ठरवून देण्यात कंपनीची सावधगिरी होती. मागणी फसवी निघाली तर तोटा मर्यादित राहणार होता, आणि मिळेल की नाही या भीतीने ग्राहक लवकर दुकान गाठणार होता. पुढच्या वर्षी विस्पा कायमचा परतला.

त्याच ऑगस्टमधला गोरिला

विस्पाच्या घोषणेनंतर दोनच आठवड्यांनी, ३१ ऑगस्ट २००७ रोजी, कॅडबरीची आणखी एक जाहिरात टीव्हीवर आली. तिचा विस्पाशी थेट संबंध नव्हता. ती डेअरी मिल्कची होती. तरीही दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय त्या वर्षी कंपनीत काय चालले होते ते कळत नाही.

कॅडबरीची प्रतिमा तेव्हा खराब झाली होती. हेरेफर्डशायरमधल्या मार्लब्रुक कारखान्यात नळ गळल्यामुळे चॉकलेटमध्ये साल्मोनेला जिवाणू गेले होते. जून २००६ मध्ये दहा लाखांहून अधिक बार बाजारातून परत घ्यावे लागले आणि जुलै २००७ मध्ये न्यायालयाने कंपनीला दहा लाख पौंड दंड केला. लोकांशी पुन्हा जवळीक साधणे कंपनीला भाग होते.

फॅलन या लंडनच्या जाहिरात संस्थेसाठी हुआन काब्राल यांनी दिग्दर्शित केलेल्या दीड मिनिटाच्या त्या जाहिरातीत जांभळ्या पार्श्वभूमीवर एक गोरिला ड्रमसमोर बसलेला असतो. फिल कॉलिन्सचे १९८१ चे ‘इन द एअर टुनाइट’ वाजत असते. गोरिला डोळे मिटतो, मान हलवतो, दीर्घ श्वास घेतो. गाण्यातला सर्वांच्या ओळखीचा ड्रमचा तुकडा येतो आणि तो काठ्या आपटू लागतो. चॉकलेट कुठेच दिसत नाही. शेवटी फक्त बारचे चित्र येते. कंपनीच्या आतच ही जाहिरात दाखवायची की नाही यावर बराच वाद झाला होता. पुढे ती कान्सच्या जाहिरात महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाची मानकरी ठरली. गाणे ब्रिटनच्या विक्री यादीत पुन्हा चढले आणि चौदाव्या क्रमांकापर्यंत पोचले.

जुन्या गाण्याला अशी जागा देण्यासाठी दोन परवानग्या लागतात: एक गीत-संगीताच्या हक्कधारकाची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाची. दोन्ही महाग असतात. विस्पाच्या बाबतीत संगीताचा हा खर्च झाला नाही, कारण मंचावर चढणारे लोक स्वतः तिकीट काढून आले होते. एकाच वर्षात एकाच कंपनीने संगीताचे दोन टोकांचे उपयोग अनुभवले. एकात तिने गाणे विकत घेतले, दुसऱ्यात तिला आयती मैफल मिळाली.

परतल्यानंतर

पुनरागमनानंतरच्या जाहिरातींत कॅडबरीने चाहत्यांचा आवाज मुद्दाम पुढे ठेवला. ‘फॉर द लव्ह ऑफ विस्पा’ या मोहिमेत लोकांकडूनच मदत मागितली गेली: कोणी वस्तू, कोणी वेळ, कोणी अंगचे कौशल्य देऊ केले, आणि त्यातून दूरचित्रवाणीची जाहिरात बनली. कॅरॅमल असलेला विस्पा गोल्डही २००९ मध्ये थोड्या काळासाठी आणि नंतर कायमचा परत आला. तेव्हा चाहत्यांचे निवडक संदेश मोठ्या फलकांवर लावण्यात आले. २०१० मध्ये क्राफ्ट या अमेरिकी खाद्यकंपनीने कॅडबरी विकत घेतली आणि २०१२ पासून ती मॉन्डलीझचा भाग आहे. मालकी बदलली तरी बार टिकला.

पण याच पद्धतीने सगळे टिकले नाहीत. अमेरिकेत कोका-कोलाचे सर्ज पेय २००० नंतरच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाले. त्याच्या चाहत्यांनीही फेसबुकवर गट काढला आणि वर्गणी गोळा करून अटलांटात कंपनीच्या मुख्यालयाजवळ फलक लावला. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्ज परतले ते सुरुवातीला फक्त अॅमेझॉनवर. पेप्सीचे रंगहीन क्रिस्टल पेप्सी १९९३ मध्ये व्हॅन हेलन या रॉक बँडच्या ‘राइट नाऊ’ या गाण्यासह सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या जाहिरातीत झळकले होते. गाणे लोकांच्या लक्षात राहिले, पेय नाही. लवकरच ते बंद पडले. २०१६ च्या उन्हाळ्यात ते परत आले तेव्हा त्याच्याकडे कुतूहल म्हणून पाहिले गेले. ज्याची चव लोकांना हवी आहे त्याला गाणे उठाव देते. ज्याची फक्त जाहिरात आठवते, त्याला गाण्याचा आधार थोडाच वेळ पुरतो.

भारतातील तुलना

भारतात अशी दोन उदाहरणे मराठी वाचकांच्या ओळखीची आहेत. विलेपार्ल्यातून वाढलेल्या पारले प्रॉडक्ट्सची रोला कोला ही कोलाच्या चवीची गोळी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका ग्राहकाने ट्विटरवर ती परत मागितली. कंपनीने दहा हजार रीट्वीटची अट घातली, ती पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गोळी परतली. इथे मागणी विस्पासारखीच खालून वर आली, पण तिला मैफल मिळाली नाही. आकडा दिसला, जमाव दिसला नाही.

कॅम्पा कोलाची गोष्ट उलटी आहे. १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यावर हे पेय फोफावले, आणि १९९० च्या दशकात परदेशी कंपन्या आल्यावर मागे पडले. त्याच्या जुन्या, गाण्यावर चालणाऱ्या जाहिरातीत तरुण सलमान खान दिसतो आणि ती चित्रफीत इंटरनेटवर फिरत राहिली. २०२२ मध्ये रिलायन्सने ब्रँड विकत घेतला आणि मार्च २०२३ मध्ये पुन्हा बाजारात उतरवला. आजच्या कॉलेजातल्या मुलामुलींना कॅम्पाची स्वतःची आठवण नाही. ती आठवण त्यांच्या आईवडिलांची आहे. म्हणून कंपनीने भर दिला तो मुख्यतः २०० मिलिलिटरच्या १० रुपयांच्या बाटलीवर. विस्पाच्या चाहत्यांनी स्वतःचे बालपण मागितले होते; इथे तरुणांना आधी किमतीने दुकानात आणावे लागले.

गोल्ड स्पॉट या संत्र्याच्या पेयाची आठवण मुंबई-पुण्यातल्या अनेक घरांत अजून ताजी आहे. रमेश चौहान यांनी १९९३ मध्ये थम्स अप आणि लिम्कासोबत हा ब्रँडही कोका-कोलाला विकला. थम्स अप टिकले. गोल्ड स्पॉटची जागा कंपनीच्या स्वतःच्या फँटाने घेतली. त्याचे चाहते एकत्र आले आणि एखाद्या मैफलीत फलक घेऊन मंचावर चढले, तरी आपल्याच फँटाशेजारी दुसरे संत्र्याचे पेय ठेवण्याचा निर्णय त्या कंपनीला घ्यावा लागेल. विस्पापुढे असा अडथळा नव्हता: त्याच्या जागी आलेला बारही कंपनीचाच होता, पण तो डेअरी मिल्कच्या मोठ्या घराण्यातला केवळ एक होता.