खुली आहेत, पण सापडत नाहीत

ऑक्टोबर २००३. व्हाइट हाउसच्या वेबसाइटवरची एक साधी मजकूर-फाइल लोकांनी उघडून वाचली आणि अमेरिकेत गदारोळ उडाला. फाइलचं नाव रोबोट्स डॉट टीएक्सटी. तिच्यात ओळीमागून ओळ 'डिसअलाऊ', म्हणजे सर्च इंजिनला 'इकडे यायचं नाही' अशी सूचना, आणि कितीतरी ओळींच्या शेवटी एकच शब्द: इराक. युद्धाला जेमतेम सात महिने झाले होते. सरकार आपलीच पानं लपवतंय, असा संशय कुणालाही आला असता. एकाच मजकुराच्या दोन-दोन प्रती शोधात येऊ नयेत म्हणून ते केलंय, असा खुलासा आला. तांत्रिक अंगाने तो अगदीच अशक्य नाही. पण फाइल वाचून हेतू कळत नाही, आणि माहिती अधिकाराचा अर्ज कामाला येतो तो नेमका इथे.

आधी यंत्रणा समजून घेऊ. सर्च इंजिन तुम्ही प्रश्न टाकल्यावर इंटरनेट धुंडाळायला निघत नाही. त्याचे क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम आधीच पानापानावर फिरून मजकूर गोळा करून ठेवतात. त्यातून तयार होतो तो इंडेक्स, म्हणजे जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी शब्दसूची: अमुक शब्द कोणकोणत्या पानांवर आहे. तुमचा शोध चालतो या सूचीत. जे पान सूचीत नाही, ते वेबसाइटवर उघड पडलेलं असलं तरी शोधणाऱ्याच्या लेखी नाहीच.

क्रॉलरने कुठे फिरावं आणि कुठे नाही, हे सांगणारी ही फाइल मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. तिला इंटरनेटच्या अधिकृत मानकांत जागा मिळायला २०२२ उजाडलं, आणि त्या मानकातही स्पष्ट म्हटलंय की हे कुलूप नव्हे. ही दारावरची पाटी आहे. सभ्य क्रॉलर ती वाचून परत फिरतो, बाकीचे खुशाल आत शिरतात.

आता खरी गंमत. पान शोधात येऊ नये यासाठी वेगळी सूचना आहे, 'नोइंडेक्स'. ती पानाच्या कोडमध्येच लिहायची असते; पीडीएफसारख्या फाइलसाठी सर्व्हरच्या उत्तरासोबत पाठवायची. ती वाचायला क्रॉलरला पानापर्यंत यावं लागतं. एखाद्या कार्यालयाने जास्तीची खबरदारी म्हणून दोन्ही उपाय एकदम केले, तर क्रॉलर पाटी पाहून दारातूनच परतणार आणि आतली सूचना वाचणारच नाही. मग दुसऱ्या कुठल्या साइटवर त्या पानाची लिंक असेल, तर मजकूर नाही पण नुसता पत्ता निकालात झळकू शकतो. लपवायला गेलेलं उघडं पडतं. उलटही होतं. साइट तयार होत असताना लावलेलं 'नोइंडेक्स' काढायचं राहतं आणि अख्खा विभाग शोधातून गायब होतो. अशा वेळी कट शोधण्याआधी हलगर्जी शोधावी, असं माझं मत.

पाटी न लावताही कागद हरवतो. स्कॅन केलेलं पान म्हणजे यंत्राच्या लेखी फक्त चित्र. ओसीआर करून अक्षरं ओळखली नाहीत, तर सूचीत टाकायला शब्दच नसतात. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सामाईक अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला देवनागरी मजकूर तर त्याहून फसवा. पडद्यावर सुबक 'शासन' दिसतं, पण ते कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. क्रॉलरलाही तोच मिळतो.

न सापडणं नेहमी वाईटच असतं असंही नाही. एका व्यक्तीचा गुन्हेगारी अभिलेख पत्रकारांनी मागितला, तेव्हा १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेल्या नोंदी आणि एका जागी केलेलं त्यांचं संकलन यांत मोठा फरक आहे, असं न्यायालयाने म्हटलं. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे स्पेनमधलं प्रकरण आलं. सरकारी आदेशावरून १९९८ मध्ये वर्तमानपत्रात छापलेली लिलावाची जाहिरात संबंधित माणसाचं नाव टाकताच गूगलवर समोर येत होती. वर्तमानपत्राने ती ठेवावी, पण नावाच्या शोधातून ती काढण्याची मागणी माणूस करू शकतो, असा निर्णय झाला. कागद एकच. तो कुठे आहे यापेक्षा किती सहज मिळतो यावर वाद होता.

म्हणून अर्ज लिहिताना 'ही पानं का लपवलीत?' असं विचारू नये. अमेरिकेच्या १९६६च्या माहिती स्वातंत्र्य कायद्याप्रमाणे कार्यालयाने हाती असलेली नोंद द्यायची असते. तुमच्यासाठी नवं उत्तर रचून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. मागायचं ते हे: रोबोट्स फाइलच्या जुन्या आवृत्त्या, ती कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली याची नोंद, साइट सांभाळणाऱ्या कंत्राटदाराला दिलेल्या लेखी सूचना, आणि त्याबद्दलचे ईमेल. कालावधी जितका नेमका, तितकं टाळणं अवघड.

तो कालावधी ठरवायला सरकारची गरज पडत नाही. इंटरनेट आर्काइव्हमध्ये बऱ्याच साइट्सच्या या फाइलच्या जुन्या प्रती तारखेनिशी जपलेल्या असतात. व्हाइट हाउसची फाइल जानेवारी २००९ मध्ये सत्तांतराच्या दिवशी सुमारे २४०० ओळींवरून दोन ओळींवर आली. अशा दोन प्रती शेजारी ठेवल्या की बदल कोणत्या दोन तारखांच्या मध्ये झाला ते दिसतं. अर्जात त्याच तारखा लिहाव्यात.