साडी दुकानात भडक, घरी फिकी? रंग कच्चा नाही

फिरत असलेला मेसेज असा की नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेली साडी दुकानात लालभडक आणि घरी संध्याकाळी मळकट दिसली तर समजा रंग कच्चा, किंवा माल बदलला. असं वाटणं साहजिक आहे, फरक खरंच दिसतो. पण कापड तेच असते, उजेड बदललेला असतो.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या सुमारे ६० लाख शंकूपेशी असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागते. नागपूरच्या दुपारच्या उन्हात उजेड लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक), रात्री घरात जेमतेम १००-२००, मग तोच लाल कमी भडक वाटणारच ना. अगदी अंधुक झालं की डोळ्यातल्या दुसऱ्या पेशी, म्हणजे दंडपेशी, काम करतात, त्यांना रंग कळतच नाही, आणि लाल तर सगळ्यात आधी काळपट होते.

बघायचं असेल तर एकाच झाडाची सारख्या रंगाची दोन संत्री घ्या, एक भर दुपारी खिडकीत, एक खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, मग जागा बदला. खिडकीतलंच जास्त केशरी दिसेल. रंग कच्चा आहे का याची परीक्षा वेगळी, ओला पांढरा रुमाल पदराच्या आतल्या बाजूला घासून पाहा, रुमालाला रंग लागला तर शंका घ्या.