धंदा बुडाला तर वसुली कोणाच्या दारात?

मुंबईत नवा धंदा काढणारा आधी गुमास्ता, म्हणजे दुकानाचा परवाना, काढतो, मग चालू खाते उघडतो. प्रोप्रायटरशिप (एकट्याची मालकी) ठेवायची, भागीदारी करायची की प्रायव्हेट लिमिटेड, हे मात्र बहुतेक जण सीएवर सोडून मोकळे होतात. हा निर्णय मालकाने स्वतः समजून घ्यावा असे मला कळकळीने वाटते. कारण धंद्याच्या या सगळ्या प्रकारांमागचा इतिहास एकाच प्रश्नाचा आहे: धंदा बुडाला तर वसुली कोणाच्या दारात येणार?

जुन्या मुंबईत धंदा म्हणजे घराण्याची पेढी. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी या भागांत हुंड्या, म्हणजे पैसे देण्याच्या चिठ्ठ्या, चालत त्या घराण्याच्या नावावर. पेढीचा पैसा आणि घरचा पैसा यांत भिंत नव्हती. मुंबई इलाख्यात तर बापाचे कर्ज मुलाच्या डोक्यावर येई, वारसाहक्काने त्याला दमडी मिळालेली नसली तरी. १८६६ च्या कायद्याने ही जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती राहिली.

कंपनी हा प्रकार मुंबईला नवा नव्हता. १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने हे बेटच ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले होते. पण इथल्या माणसाला स्वतःची कंपनी नोंदवायची सोय झाली ती १८५० च्या कायद्याने, आणि तीही अर्धीच. कंपनी नोंदवता येई, पण ती बुडाली तर भागधारकाचे घरदारही त्यात जाऊ शके. मर्यादित जबाबदारी, म्हणजे भागधारकाचे नुकसान त्याच्या भागाच्या रकमेपुरतेच, ही सोय आली १८५७ मध्ये. बँकांना तर १८६० पर्यंत थांबावे लागले.

म्हणूनच कावसजी नानाभाई दावर यांच्या गिरणीचे मोल मला फार वाटते. १८५४ मध्ये त्यांनी कापडगिरणीसाठी कंपनी उभी केली. भांडवल पाच लाख रुपये, प्रत्येकी ५,००० चे १०० भाग, आणि ते घेतले शहरातल्या व्यापाऱ्यांनी. ताडदेवची ही गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. एकट्या पेढीला न पेलणारे यंत्र वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी मिळून उभे केले, आणि तेही मर्यादित जबाबदारीचे कवच नसताना.

कवच मिळाल्यावर काय झाले तेही मुंबईनेच पाहिले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसासाठी वाटेल तो भाव देऊ लागल्या. शहरात पैसा ओसंडला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या, कर्ज देणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनचे शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. बँक ऑफ बॉम्बेने अशा शेअरांच्याच तारणावर कर्जे वाटली. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा बड्या बड्यांचे दिवाळे निघाले. बँकही तगली नाही. मर्यादित जबाबदारी भागधारकाला कंपनीच्या कर्जापासून वाचवते. शेअर घ्यायला त्याने स्वतः काढलेल्या कर्जापासून नाही. हा फरक कळायला शहराला जबर किंमत मोजावी लागली.

तरी लोक कंपनीपासून तुटले नाहीत. १८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. आजचा मुंबई शेअर बाजार तो हाच. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला लंडनमध्ये भांडवल मिळेना, तेव्हा सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत ते उभे केले.

छोट्या धंद्याची वाट अर्थात वेगळी. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार एका भागीदाराने धंद्यासाठी सही केली की देणे सगळ्यांवर येते, त्यामुळे भागीदार निवडायचा तो माणूस पारखून. दांडेकर बंधूंचा १९३१ मधला शाईच्या पुडीचा धंदा 'दांडेकर अँड कंपनी' या नावाने सुरू झाला. १९४६ मध्ये त्याची प्रायव्हेट कंपनी झाली, पुढे याच कंपनीचे, म्हणजे कॅम्लिनचे, शेअर बाजारात आले आणि २०११ मध्ये निम्म्याहून अधिक हिस्सा जपानच्या कोकुयो कंपनीकडे गेला. घरच्यांचा धंदा परक्यांच्या मालकीचा होऊ शकतो, हीसुद्धा कंपनीचीच करामत.

गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्या लिज्जतने तिसरीच वाट धरली. १९६६ मध्ये तिची नोंद संस्था म्हणून झाली; मालक नाही, नफा-तोटा सगळ्या सदस्य बहिणींचा.

२००८ च्या कायद्याने एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, आली आणि २०१३ च्या कायद्याने एकट्या माणसालाही कंपनी काढता येऊ लागली. गुमास्त्याने मात्र यातले काहीच मिळत नाही. ती दुकानाची नोंद आहे, धंद्याला मालकापासून वेगळे अस्तित्व देणारी नव्हे. आणि 'लिमिटेड' नोंदवले तरी छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक सहसा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. त्या कागदावर सही केली की डोंबिवलीचा फ्लॅट पुन्हा धंद्याच्या कर्जाला बांधला जातो. म्हणून कंपनीच्या नोंदणीइतकाच तो हमीचा कागदही ओळ न् ओळ वाचावा, आणि सही करण्याआधी घरच्यांना दाखवावा.