कंपनीची रायफल की करून घेतलेली? कायोटीच्या शिकारीतला जुना प्रश्न

कायोटी आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून बराच लहान असतो. वजन साधारण १० ते २० किलो. हिवाळ्यात केस फुगले की तो मोठा दिसतो, पण केसांखालचं अंग किरकोळच. गोळी जिथे लागायला हवी ती छातीची जागा जेमतेम वीतभर असते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या उघड्या माळांवर मेंढ्या-वासरांच्या राखणीसाठी किंवा कातड्यासाठी त्याच्या मागावर जाणाऱ्यांना हा सावध प्राणी बरेचदा चारशे-पाचशे यार्डांवरच दिसतो.

शंभर यार्डांवर दीड इंचाच्या घेरात गोळ्या टाकणारी रायफल पाचशे यार्डांवर साडेसात इंचांचा घेर धरते. म्हणजे ती वीतभर जागा एकट्या रायफलनेच खाल्ली. वाऱ्याच्या अंदाजातल्या चुकीला आणि नेमबाजाच्या श्वासाला काही शिल्लकच राहत नाही. मग प्राणी जागीच पडत नाही, पोट फाटून झुडपांत खुरडत जातो. म्हणून ‘दुकानातली घ्यावी की करून घ्यावी’ हा प्रश्न मला निव्वळ हौसेचा वाटत नाही. लांबून गोळी झाडणाऱ्याने त्याचं उत्तर आधी शोधलंच पाहिजे.

गंमत अशी, की सुरुवातीला निवड करायला वावच नव्हता. १९२०च्या दशकात अमेरिकन कारखान्यांच्या रायफली हरणासाठी आणि त्याहून मोठ्या जनावरांसाठी बनत. लहान प्राण्यासाठी वेगवान, सरळ जाणारी बारीक गोळी हवी असेल तर ती कारागिराकडूनच करून घ्यावी लागे. .२२ हॉर्नेट (.२२ म्हणजे गोळीची जाडी, सुमारे ०.२२ इंच) हे काडतूस स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रागाराशी संबंधित काही हौशी माणसांनी आकाराला आणलं. विंचेस्टर कंपनीने १९३०मध्ये ते बाजारात आणलं, तेव्हा ते झाडणारी एकही कारखानी रायफल नव्हती! घेणारे लोक सैन्याची लहान बोअरची, म्हणजे बारीक भोकाच्या नळीची, स्प्रिंगफिल्ड रायफल गनस्मिथकडे (बंदुकीच्या कारागिराकडे) नेऊन तिचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची नळीतली जागा, बदलून घेत.

१९३५मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणलं. सेकंदाला ४,००० फुटांहून जास्त वेग देणारं हे पहिलं कारखानी काडतूस. पण कारागीर त्याच काळात दुसरंच काही घडवत होते. .२५० सॅव्हेज काडतुसाची मान आवळून त्यात .२२ची गोळी बसवायचा प्रयोग एकाच वेळी अनेकांनी केला. जेरी गेबी यांनी १९३७च्या सुमारास आपल्या आवृत्तीला ‘व्हार्मिंटर’ असं नाव देऊन त्यावर हक्कही नोंदवला. इतरांनी त्या घराण्याला नुसतं .२२-२५० म्हटलं, आणि कायोटीच्या शिकारीत पुढे हेच नाव घरोघरी पोचलं. तरीही जवळपास तीस वर्षं ते ‘वाइल्डकॅट’च राहिलं, म्हणजे कोणताही कारखाना भरून विकत नाही असं काडतूस. १९६३मध्ये ब्राउनिंगने त्यासाठी रायफल काढली तेव्हाही दुकानात काडतूस मिळत नव्हतं. हॉर्नेटच्या वेळी काडतूस होतं आणि रायफल नव्हती, इथे बरोबर उलट झालं. अखेर १९६५मध्ये रेमिंग्टनने ते स्वीकारलं.

स्वस्तात करून घेण्याची सोय महायुद्धांनी दिली होती. सैन्यातून निघालेल्या स्प्रिंगफिल्ड आणि माउझर रायफली थोडक्या पैशांत मिळत. जुनी नळी काढायची, नवी बसवायची, कुंदा अक्रोडाच्या लाकडाचा करायचा. १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्याने परदेशी लष्करी रायफलींची आयात बंद केली आणि हा झरा आटत गेला.

तोवर दुसरा पाया तयार झाला होता. १९४८मध्ये रेमिंग्टनने ७२१ आणि ७२२ ही मॉडेलं काढली. त्यांचा रिसीव्हर, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणारा मधला भाग, गोल आणि लेथवर भराभर कातता येईल असा होता. हेतू खर्च वाचवण्याचा होता, पण त्याच गोलपणामुळे गनस्मिथलाही तो आपल्या लेथवर बिनचूक बांधता येऊ लागला. १९६२च्या मॉडेल ७००ने ही रचना पुढे नेली आणि करून घेतलेल्या रायफलींची कितीतरी दशकं या एका अॅक्शनवर, म्हणजे रिसीव्हर-बोल्टच्या जोडीवर, उभी राहिली.

गनस्मिथ नेमकं करतो काय, हे जवळून पाहण्यासारखं आहे. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून चेंबर मागून बंद करणारा दांडा. त्याच्या तोंडाशी दोन जाड दाते असतात. त्यांच्या मागच्या बाजूला तो निळा रंग लावतो, बोल्ट बंद करतो, पुन्हा उघडतो. एका दात्यावरचा रंग पुसलेला असतो, दुसऱ्यावरचा जसाच्या तसा. म्हणजे बार उडाला की सगळा दाब एकाच दात्यावर येणार आणि अॅक्शन प्रत्येक वेळी कणभर वाकणार. मग बारीक पेस्ट लावून दोन्ही दाते सारखे टेकेपर्यंत घासायचे, रिसीव्हरचं तोंड नळीच्या अक्षाशी काटकोनात आणायचं, आणि चेंबर नळीच्या भोकाशी एका रेषेत कापायचं. ही कामं हजारांनी रायफली काढणाऱ्या कारखान्याला तेव्हाच्या यंत्रांवर परवडत नव्हती. खरा फरक इथे होता, लाकडाच्या नक्षीत नव्हता.

युद्धानंतर जोर धरलेल्या बेंचरेस्ट, म्हणजे रायफल बाकावर टेकवून करायच्या, नेमबाजीने ही विद्या धारदार केली. रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर स्वतः त्या खेळातले. त्यांनी घडवलेलं .२२२ रेमिंग्टन १९५०मध्ये आलं आणि कारागिरांचं शहाणपण थेट कारखान्यात शिरलं.

एक गोष्ट मात्र कारखान्यांनी फार उशिरा बदलली. ती म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या, नळीतल्या आट्यांचा पीळ. .२२-२५०च्या कारखानी नळ्यांत वर्षानुवर्षं चौदा इंचांत एक वेढा असायचा. ५५ ग्रेनच्या, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आखूड गोळीला तेवढा पुरतो. पण ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ती गोळी चारशे यार्डांवर फुटाहून जास्त सरकते. वाऱ्याला दाद न देणारी ७५-८० ग्रेनची लांब गोळी हवी, तर आठ इंचांत एक वेढा लागतो. कमी पिळात ती हवेत डगमगते. माझ्या मते गेल्या काही दशकांत करून घेण्याचं सर्वांत सबळ कारण हेच होतं.

१९७२ हे सालही इथे ध्यानात ठेवावं. त्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनींवर कायोटीसाठी विष घालणं थांबलं. त्याच वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. तिकडे विषाचा वापर आखडला, रायफल राहिली. इकडे शिकारीचाच अध्याय मिटला, म्हणूनच हा वाद मराठी घरांत फारसा पोचला नसावा.

कारखान्यांनी अंतर भरून काढलं ते अलीकडे. सॅव्हेजचं ११० मॉडेल १९५८पासूनचं. त्यात नळी एका नटाने आवळलेली असते, त्यामुळे योग्य गेज, म्हणजे चेंबरचं माप तपासायचं साधन, हाताशी असेल तर नळी घरीही बदलता येते. कोर्टातल्या दाव्यांच्या भीतीने अमेरिकन कंपन्या बराच काळ जड, म्हणजे जोराने ओढावा लागणारा, ट्रिगर देत. २००२मध्ये सॅव्हेजच्याच अॅक्युट्रिगर या हलक्या ट्रिगरने ती कोंडी फोडली. २००७मध्ये ६.५ क्रीडमूर हे काडतूस आलं. ते लांब गोळीसाठीच बेतलेलं होतं, म्हणून नळ्यांना पहिल्यापासून आठ इंचांचा पीळ मिळाला. २०१५मध्ये रुगरने प्रिसिजन रायफल आणली. संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी मापं इतकी एकसारखी केली, की काही कंपन्यांच्या अॅक्शनला दुसऱ्याच कारखान्यातून चेंबर कापून आलेली तयार नळी नुसती फिरवून बसते.

त्यामुळे आज प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चांगल्या पिळाची कारखानी रायफल घ्यायला सांगेन, आणि वाचलेले पैसे काडतुसांवर आणि वाऱ्यातल्या सरावावर खर्च करायला. .२२-२५०सारखं तापट काडतूस काही हजार बारांत नळीचा घसा, म्हणजे चेंबरपुढचा भाग, जाळतंच. नवी नळी लावायची वेळ येईल तेव्हा आपण कोणती गोळी, किती अंतरावर, कसल्या वाऱ्यात झाडतो हे त्याला वहीतल्या नोंदींवरून कळलेलं असेल. गनस्मिथकडे जाताना ती वही सोबत न्यावी.